उभी गाडी

“पण आक्का, ज्यांना ऐकायचंच नाही, त्यांच्याशी बोलायचं तरी काय?”

टेकडीवरच्या मठात आक्का भिंतीला चुना देत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

“ते मागून. आधी ती गाडी बंद कर. काय तो धूर!”

“नाही बंद करता येत!” निनाद वैतागला. “दिवे चालू राहिले, बॅटरी उतरली. एका टेम्पोवाल्याने आपल्या बॅटरीला तारा जोडून सुरू करून दिली. आता बंद केली तर पुन्हा सुरू व्हायची नाही.”

“मग ती तिथे काय करतेय?”

“चार्ज होतेय.”

“उभ्या उभ्या?”

“होते... थोडीफार.”

“टेम्पोवाला काय म्हणाला?”

“म्हणाला, कुठे थांबू नका, चांगली लांब पळवा.”

“मग?”

“मग तुमच्याकडे आलो!”

आक्कांनी कुंचला चुन्यात बुडवला. दाराबाहेर गाडी घरघरत राहिली.

निनाद परदेशात पाण्याचं शास्त्र शिकून गावी परतला होता. नव्या बोअरवेल नकोत, सगळ्यांची मिळून एक विहीर हवी, एवढंच त्याचं म्हणणं. गेल्या ग्रामसभेत लोकांनी त्याला हसून खाली बसवलं होतं. आज पुन्हा सभा होती. तो गेला नाही, तर नव्या बोअरचा ठराव बिनबोभाट होणार होता. आणि गावाकडे निघालेली गाडी त्याने फाट्यावरून मठाकडे वळवली होती.

“धीर द्या, आक्का. दर वेळी देता तसा.”

“दर वेळचा कुठे जातो?”

“टेकडी उतरेपर्यंत पुरतो,” तो चिडून म्हणाला. “पुढे नाही पुरत! तुम्हीच काहीतरी पुरेल असं द्या ना एकदा.”

आक्का हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. कुंचला ठेवून त्या सरळ बाहेर गेल्या आणि गाडीचं दार उघडून उभ्या राहिल्या. काळ्या दारावर चुन्याचा पंजा उमटला.

“बैस.”

“म्हणजे... तुम्ही येताय?”

“माझी भिंत अर्धी राहिलीय.”

निनाद बसला. स्टिअरिंगवर हात ठेवला, पण गाडी काही हलवेना.

“अहो आक्का, पण ही वाटेत बंद पडली तर? तीही नेमकी ग्रामपंचायतीसमोर, सगळ्या गावादेखत?”

आक्कांनी दार लावलं.

“तिथे धक्का मारायला माणसं तरी असतील.”