निर्गुडीच्या आमंत्रणाची कहाणी

ऐका निर्गुडीबाई, तुमची कहाणी. एक होतं आटपाट नगर, नगराबाहेर कुंभारवाडा. तिथं गवरा कुंभारीण राही. नवरा चाकावर बसे, माती तुडवायची गवरानं. तुडवून तुडवून तिचे गुडघे धरले. बसलं की उठवेना, उठलं की चालवेना, चाललं की तुडववेना. माती नाही तर चाक नाही, चाक नाही तर चूल नाही.

सासूनं मरताना तिला वसा दिला होता. पाला तोडायच्या आदल्या सांजेला निर्गुडीपाशी जावं, अक्षता वाहाव्या, नाव घेऊन आमंत्रण करावं, "निर्गुडीबाई, उद्या तुझा पाला नेईन, गुडघ्यासाठी नेईन." मग सकाळी लागेल तेवढाच तोडावा, तव्यावर गरम करावा, गुडघ्याला बांधावा. गवरा तसं करी. दुखणं जाई का? जात नसे. पण दिवस निभे.

मग काय झालं, देवळाच्या पायरीशी एक पुडीवाला येऊन बसला. माणूस गोडबोल्या. म्हणाला, आक्का, पाला किती दिवस बांधणार? ही पुडी घ्या, सगळं झाडपाल्याचं, अपाय म्हणून नाही. गवरानं विचारलं, कुठल्या झाडाचं? तो म्हणाला, ते गुप्त. आणि वर म्हणाला, हाही वसाच समजा, घेतला की टाकायचा नाही.

दुखणारा माणूस हात पुढं करतोच, बायांनो. गवरानं पुडी घेतली. पहिल्या दिवशी उठली, दुसऱ्या दिवशी चालली, तिसऱ्या दिवशी नाचल्यासारखी माती तुडवली. मग निर्गुडीकडं जाणं राहिलं, अक्षता राहिल्या.

मग तोंड गोल झालं. शेजारणी म्हणाल्या, बाळसं धरलंस गं. मग बांगड्या हातात शिरेनात. मग नुसता चाकाचा धक्का लागला तरी कातडी काळीनिळी पडे. घाबरून एक दिवस तिनं पुडी चुकवली, तर गुडघे दुप्पट दुखले. रांगत रांगत देवळाशी गेली. पुडीवाला म्हणाला, वशात खंड पाडलास, दोष तुझाच, आता दोन दोन घे.

गवरा भट्टीमागं येऊन रडत बसली. तिथं निर्गुडीचं झाड. झाड बोललं, "गवरा, माझा पाला न्यायच्या आधी तू माझं नाव घ्यायचीस. ज्याची पुडी खाल्लीस, त्या झाडाला आमंत्रण कुणी दिलं? कुठलं नाव घेऊन दिलं?"

गवराचं रडं थांबलं. डोक्यात तिडीक गेली. माल चोख असला तर त्याचं नाव सांगायला लाजतो कोण? तिनं कुंभारवाड्यातल्या बाया बरोबर घेतल्या आणि पायरीशी जाऊन उभी राहिली. झाडाचं नाव विचारलं. पुडीवाला हसला. पुन्हा विचारलं. तो ओरडला. तिसऱ्यांदा विचारलं, तर म्हणाला, बायकांना सांगून काय कळणार?

मागं त्याची म्हातारी आई बसलेली. तिच्या दोन्ही गुडघ्यांना पाला बांधलेला. गवरानं ओळखला, निर्गुडीचा. म्हणाली, "आजी, लेकाची पुडी तुम्हाला लागू पडत नाही होय?"

म्हातारी सरळ मनाची. म्हणाली, "मला कुठं देतो गं. म्हणतो, आई, तू नको खाऊस, तुला सोसायची नाही."

मग गवरा म्हणाली, "मी तुझी आई नव्हे, म्हणून मला सोसेल होय रे?"

पुडीवाल्यानं मान खाली घातली ती वर केली नाही. बायांनी पुड्या राजवैद्याकडं नेल्या. त्यानं पाहिलं तर पाला नावाला, बाकी दुखणं दाबणाऱ्या पण अंग पोखरणाऱ्या जालीम गोळ्या कुटून घातलेल्या. राजानं पुडीवाल्याचं दुकान उठवलं. गवरा म्हणाली, आता एकही पुडी तोंडात घालणार नाही. वैद्य म्हणाला, बाई, अंगाला तिची सवय लागलीय, रागानं एकदम टाकलीस तर जिवावर बेतेल, मी सांगेन तशी थोडी थोडी उतरव. तिनं ऐकलं.

पुढं तोंडावरची सूज उतरली, बांगड्या हातात शिरल्या. गुडघे नवे झाले का? नाही झाले. पण सांजेच्या अक्षता पुन्हा सुरू झाल्या, अर्धी माती नवरा तुडवू लागला, चाक फिरलं, चूल पेटली. दुखणं राहिलं, फसवणूक गेली.

जशी निर्गुडीबाई गवराला बोलली, तशी तुम्हांआम्हांशी बोलो. ज्याला आपल्या औषधाचं नाव सांगवत नाही, त्याच्या दारी आपलं पाऊल न पडो. ही साठां दुखण्यांची कहाणी, निर्गुडीच्या पांचा पानांत सुफळ संपूर्ण.