आठ नावं

खूप वर्षांपूर्वी, डोंगराआडच्या एका राज्यात सगुणाबाई नावाच्या एका शाळेच्या मुख्य शिक्षिका होत्या. तिथल्या राजाने फर्मान काढलं होतं, "चौथीतलं एक जरी मूल न वाचणारं निघालं, तर शिक्षकाला घरी पाठवू."

सगुणाबाईंच्या चौथीतल्या तीस मुलांपैकी आठांना वाचता येत नव्हतं. बाई घाबरल्या. त्यांनी तिसांनाही 'वाचता येते' असे दाखले देऊन टाकले.

राजाचे तपासनीस शाळेत यायच्या आदल्या दिवशी, उद्या मुलीला वेळेवर पाठवा असं सांगायला त्या चिमाच्या घरी गेल्या. चिमा त्या आठांतलीच. तिची आई तापाने फणफणली होती. वैद्यांनी दोन पुड्या दिल्या होत्या, एक पोटात घ्यायची, दुसरी पायाच्या जखमेवर लावायची.

"चिमे, पोटात घ्यायची कोणती, वाच बरं," बाप म्हणाला.

चिमाने पुड्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "ही," ती हळूच म्हणाली.

बापाने पुडी पाण्यात कालवली. आईने वाटी ओठांशी नेली. बाईंची नजर खाली पडलेल्या पुडीच्या कागदावर गेली. 'विषारी. फक्त लावण्यासाठी.' त्यांनी झडप घालून वाटी उडवली.

बाप चिडला नाही. सांडलेल्या औषधाकडे बघत एवढंच म्हणाला, "बाई, हिला वाचता येतं असं तुम्हीच लिहून दिलं होतं ना?"

बाईंनी पोटात घ्यायची पुडी वाचून त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी तपासनिसांनी दाखल्यांची यादी उघडली. "सगळी वाचतात?"

"नाही. आठांना येत नाही. मी खोटं लिहिलं."

"नोकरी जाईल, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. पण आधी ही आठ नावं लिहून घ्या. माझ्या जागी जो येईल, त्याला कळायला हवीत."

तपासनिसांनी नावं लिहून घेतली आणि राजाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. खोट्या दाखल्यांबद्दल राजाने बाईंचं मुख्यपद काढून घेतलं. पण घरी पाठवलं नाही. मदतीला आणखी एक शिक्षक दिला, सहा महिन्यांची मुदत दिली आणि आपलं फर्मानही बदललं. यापुढे शाळेतली उणीव सांगणाऱ्याला मदत मिळणार होती, लपवणाऱ्याला शिक्षा.

सहा महिन्यांनी तपासनीस परत आले. सात मुलं वाचू लागली होती. आठवं अजून जोडाक्षरांपाशी अडखळत होतं.

बाईंनी स्वतःच्या हाताने यादीत लिहिलं, 'सात.'

तात्पर्य एवढंच: मुलाला काय येत नाही हे जो खरं सांगतो, तोच त्याला पुढे शिकवू शकतो.