बाहेरचं शिजवलेलं

"पण ती जेवत का नाही, बुवा?"

हेरंबने हे मठाच्या पायरीवर विचारलं होतं, अंगणात विचारलं होतं, आणि आता चुलीपाशी येऊन पुन्हा विचारत होता.

भवानगीर गोसावींनी तव्यावरची भाकरी उलटली.

"बस आधी."

हेरंब बसला. लगेच उठला. खिशातून फोन काढून पाहिला. मठात रेंज येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण शाळेच्या साऱ्या सुट्ट्या त्याने इथेच बुवांच्या पायाशी काढल्या होत्या. पुढे तो शहरात जाऊन मनाचे आजार शिकला. वरच्या वाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतकेंद्राचा प्रमुख होऊन परत आला. आल्यापासून त्याचा पाय एका जागी ठरला नव्हता.

"हौसाचा नवरा गेला, पोरगी गेली. मी रोज तिच्यासमोर बसतो, बोलतो. ती भिंतीकडे बघते. डॉक्टर सलाईन लावून गेले. असंच चाललं तर ती हाती लागायची नाही."

"बाकीचे?"

"पाकिटातलं कोरडं खातात. मी घरटी नवी शेगडी दिली, शिधा दिला. एकाने पेटवली असेल तर शपथ!"

"सुतकात पेटवतात होय?"

"तसं नाही… पण शिजवलेला कडू घास आणून देतात ना शेजारी."

"शेजारी कोण?"

हेरंब मनात एकेक घर मोजू लागला. वरची वाडी सगळी एकाच भावकीची. सुतक साऱ्यांनाच. कोण कुणाच्या दारात घास घेऊन जाणार?

"खालची वाडी आहे," तो पुटपुटला. "पण झऱ्याच्या पाण्यावरून त्यांची बोलचाल बंद आहे."

"मग कुणी आलंच नाही?"

भाकरी करपायला लागली. बुवांनी ती करपू दिली.

"आल्या होत्या," हेरंब म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी. बायका होत्या. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत पिठलं-भाकरी. मीच परत पाठवल्या. बाहेरचं शिजवलेलं केंद्रात घ्यायचं नाही, असा नियम आहे. कुणाला बाधलं असतं तर माझ्यावर आलं असतं."

बुवा उठले. खुंटीवरची आपली भिक्षेची झोळी काढली आणि त्याच्या गळ्यात अडकवली.

"खाली जा. माग."

"मी? बुवा, मी इथे द्यायला आलोय!"

"म्हणूनच."

"आणि त्यांनी हाकललं तर?"

"तर दारात बसून राहा. जमतंय का बघ."

खालच्या वाडीत भागीरथीकाकू ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. टोपल्या घेऊन आलेल्या बायकांत त्याच पुढे होत्या. त्यांनी आधी झोळीकडे पाहिलं, मग झोळीवरच्या चेहऱ्याकडे.

"अगं बया, सायेब! आज घरी येऊन अन्न तपासायचं ठरवलं व्हय?"

आतून कुणीतरी फिदीफिदी हसलं.

हेरंबला तिथूनच मागे वळावंसं वाटलं. दुःखी माणसाशी कसं बोलावं, याची शिकलेली सगळी वाक्यं त्याला आठवली. मागायचं कसं, ते त्यांत कुठेच नव्हतं.

"चुकलं माझं, काकू." तो ओसरीच्या कडेला बसला. "हौसा जेवत नाही. तिला घास द्या."

काकूंनी सूप बाजूला ठेवलं.

"भांडान पान्यावरनं हाय," त्या म्हणाल्या. "मयतावरनं न्हाई." आणि आत वळून ओरडल्या, "सुंद्रे, हसतीस काय? पीठ काढ!"

दुसऱ्या दिवशी हेरंब धापा टाकत मठात आला.

"जेवली, बुवा! काकूंनी तोंडात घास दिला. पहिला तिने थुंकून टाकला. दुसरा गिळला. मग काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून असं रडली… असं रडली… आणि रडता रडता म्हणते काय, 'मीठ लई झालंय गं, आत्ती.'"

बुवा हसले.

"तू कुठे होतास?"

"दारात. मला कुणी 'बसा'सुद्धा म्हटलं नाही."

याचं वाईट वाटून घ्यावं की हायसं वाटून घ्यावं, ते त्याला अजून ठरवता आलं नव्हतं. तो अंगणात येरझाऱ्या घालू लागला.

"पण हे टिकायचं कसं? पुढच्या महिन्यात केंद्र उठेल, मी जाईन. मग पुन्हा त्यांचं पाणी, त्यांचं भांडण. दोन्ही वाड्यांची समिती नेमू? बैठका लावून देऊ? काहीतरी सांगा ना, बुवा. मी मागे काय ठेवून जाऊ?"

बुवांनी दरीकडे पाहिलं.

"भागीरथीच्या घरी कधी मयत झालं," ते म्हणाले, "तर पहिला सांगावा हौसाला जाऊ दे. घास तिने न्यायचा."