गोगलगायींची पंगत

“मग आता यांना खायला घालू तरी काय, बुवा? माझं डोकं?”

अनंता खोताच्या एका हातात वरणाचं भांडं होतं, दुसऱ्यात पळी. सोनूबुवा केळीच्या पानावर जेवत होते. शेजारी गोगलगायींची काचेची टाकी. तिच्या गढूळ पाण्याला कुबट वास येत होता आणि तळाशी दोघी मरून पडल्या होत्या.

अनंताने तीस वर्षं लग्नाच्या पंगती वाढल्या होत्या. त्याच्या आग्रहापुढे ‘नको’ म्हणायची कुणाची टाप नव्हती, आणि याचा त्याला भलता अभिमान. तो अनुग्रह मागायला मठात आला, तर बुवांनी हातात टाकी दिली. महिनाभर यांना जगव, एकही मेली नाही तर अनुग्रह. मेली तर पुन्हा पहिल्यापासून.

ही तिसरी खेप होती. अनंता नुसता धुमसत होता.

“भाजी धुतलीस?”

“तीन पाण्यांनी! पहिल्या खेपेला ती बाजारच्या भाजीवरची फवारणी अंगाशी आली, ते विसरेन का?”

“उकडलीस?”

“मऊ. आणि मीठ नाही घातलं हो! मागल्या वेळी सवयीनं हात गेला, ते पुन्हा ऐकवू नका.”

“किती घातलीस?”

“दोडक्याच्या चकत्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. हात आखडता नाही घेतला.”

“उरलेल्या?”

“आहेत तिथंच.”

“काढल्या नाहीस?”

अनंता भडकला. “जेवणाऱ्यापुढचं काढून घेऊ? भरल्या पानावरून मी आजवर कुणाला उठवलं नाही, बुवा! मेलो तरी ते पाप करायचा नाही.”

बुवांनी पानावर हात आडवा धरला.

“असं कसं? घ्या थोडं.” तणतणतच त्याने पळी ओतली.

कढत वरण बुवांच्या हातावर पडलं.

हात हलला नाही.

“अहो! हात काढायचा ना!”

“कधीचा नको म्हणतोय.”

अनंताने हातातलं भांडं खाली ठेवलं. त्याने धावत जाऊन गार पाण्याचा तांब्या आणला, बुवांच्या हातावर ओतला. कातडी लाल झाली होती. त्याला स्वतःचीच चीड आली, लाजही वाटली.

मग त्याची नजर टाकीतल्या उरलेल्या चकत्यांवर गेली.

बाह्या सारून त्याने पाण्यात हात घातला. सडून बुळबुळीत झालेल्या चकत्या एकेक करून बाहेर काढल्या. अर्धं पाणी बदललं. चार गोगलगायी अजून जिवंत होत्या. त्यातली एक हळूहळू काचेवर चढू लागली.

“बुवा,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “माझा अनुग्रह?”

बुवांच्या पानावर भाताचा ढीग तसाच होता.

“पोट भरलं माझं,” ते म्हणाले. “पान उचल.”