भुशाचं झाकण

राजवाड्यावर सकाळच्या दहाचे टोल पडत होते, आणि दहावा टोल पडायच्या आत सोमा कातारी चोर ठरला!

झालं ते असं. शिदोजीराजांच्या आजीनं लावलेला फणस वाऱ्यात आडवा झाला. राजांनी त्यातला एक ओंडका सोमाला दिला. सोमानं तो खरादीवर चढवला आणि गरागरा फिरवून पानाचा सुरेख डबा कातून आणला. पण कोठीवरचे नागोपंत भारी संशयी. ओंडका देतानाच त्यांनी त्याच्या वजनाचा एक धोंडा काढून ठेवला होता. आता तराजूच्या एका पारड्यात धोंडा ठेवला, दुसऱ्यात डबा. धोंडा खाली, डबा वर!

"सरकार, निम्म्याहून जास्त लाकूड गायब!" नागोपंत ओरडले.

"कुठं गेलं रे?" राजांनी विचारलं.

"भुसा झाला, सरकार. कातताना उडतोच तो," सोमा म्हणाला.

"मग कुठंय तो भुसा?"

"चुलीत गेला, सरकार."

"आमच्या आजीचा फणस तू चुलीत घातलास?"

झालं! राजांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली, की हत्ती लावून ओढली तरी बाहेर यायची नाही. सोमाची रवानगी थेट कोठडीत.

बातमी कळताच त्याची बायको येसू कडेवरच्या ठकीला घेऊन धावत आली.

"सरकार, लाकूड कातलं की भुसा पडणारच. केस न पाडता कुणाची हजामत होते का?"

राजांनी मिशीवरून हात फिरवला. "जीभ बरी चालते गं तुझी! आता हातही चालव. हा घे दुसरा ओंडका. याचा डबा करून आण. ओंडक्याइतका भरला, तर नवरा सुटला. गुंजभर जरी कमी भरला, तर सगळ्यांनी गाव सोडून चालतं व्हायचं!"

नागोपंतांनी ओंडका तोलून त्याच्या वजनाचा नवा धोंडा बाजूला काढला.

येसूनं ओंडका डोक्यावर घेतला आणि घराची वाट धरली. गाव सोडून जायचं कुठं? ठकीला दात येत होते, रात्री अंग तापत होतं. असलं पोर घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं? घर येईपर्यंत तिनं शंभरदा ठकीचं कपाळ चाचपलं. आणि दारात पाय ठेवता ठेवता तिला एकदम हसू फुटलं.

"आत्याबाई," तिनं सासूला हाक मारली, "खरादीची दोरी ओढाल का? रोज मी ओढते न् हे पटाशी धरतात. आज पटाशी मी धरते."

"अगं, तुला जमेल का?"

"रोज समोर बसून बघते ना! न जमून सांगते कुणाला?"

खाली लुगडं अंथरलं. सासूनं दोरी ओढली, ओंडका फिरायला लागला आणि पिवळ्याधमक भुशाच्या कुरळ्या बटा लुगड्यावर पडू लागल्या. तेवढ्यात ठकी रांगत आली आणि मूठभर भुसा तोंडात!

"थू कर, थू कर!" येसूनं पटाशी टाकून तिच्या तोंडात बोट घातलं. "बाबाची सुटका गिळतेस होय गं!"

डबा तयार झाला. येसूनं त्याच्या अंगावर गोल गोल खाचा पाडल्या. मग मडक्यात राळ वितळवली, त्यात भुसा कालवला आणि तो लगदा खाचांत भरला. उरलेला लगदा वाडग्यात ओतून त्याचं जाडजूड झाकण केलं. वरून आणखी राळ ओतली. मग आणखी थोडी.

"पुरे की! वजन जास्त होईल ना!" सासू म्हणाली.

"होऊ दे, आत्याबाई," येसू म्हणाली, आणि मडकं खरवडून तळाची राळही ओतली. केवड्याच्या पानानं घासल्यावर डबा असा चमकला, की त्यात बघून कुंकू लावावं!

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. ठकीला कडेवर घेऊन येसूनं डबा पुढं केला. राजांनी झाकण उजेडाला धरलं. मधासारख्या राळेत फणसाच्या बटा तरंगताना दिसल्या.

"भुसा सगळा आत आहे, सरकार. एक चिमूट लेकीच्या पोटात गेली असेल, तेवढी माफी असावी."

डबा पारड्यात ठेवला. धाडकन खाली! धोंडा वर लटकला.

नागोपंत टुणकन उठले. "सरकार, जास्त भरला! काहीतरी लबाडी आहे!"

"लबाडी आहेच!" येसू म्हणाली.

तिनं पारड्याकडे बोट दाखवलं.

"सरकार, डबा कमी भरला तर कातारी चोर, हा न्याय तुमचाच. आज डबा जास्त भरलाय. जे जास्त आहे, ती राळ माझ्या घरची. माझा माल तुमच्या वाड्यात, तुमच्या पारड्यात! मग आज चोर कोण?"

राजांनी स्वतःच्याच छातीवर बोट ठेवलं. "म्हणजे... आम्ही?"

"छे छे! सरकारचं नाव मी कशी घेऊ? पण वाड्यात आलेला माल कोठीत जमा कोण करून घेतं, ते सरकारनीच बघावं."

सगळ्यांच्या माना नागोपंतांकडे वळल्या. नागोपंतांनी हातातला तराजू असा खाली ठेवला, जणू तो तापलाय!

राजे आधी मिशीत हसले, मग पोट धरून हसले. "जाता का, नागोपंत? कोठडी आत्ता मोकळी होतेय!" आणि येसूला म्हणाले, "पोरी, नवरा घेऊन जा. आणि उरलेला अख्खा फणसही तुझा! त्याचा भुसा कर, नाहीतर चुलीत घाल. आम्ही विचारणार नाही!"

सोमानं बाहेर येताच ठकीला उचलून घेतलं. येसूनं वाड्याच्या दारावरच्या पहारेकऱ्याला हाक मारली, "दादा, कातारआळीकडं जाणारं कुणी दिसलं, तर तेवढा निरोप द्या. आमच्या आत्याबाईंना म्हणावं, भात टाका, आम्ही तिघं येतोय. आणि आळीत सगळ्यांना सांगा, अंगणं मोकळी करून ठेवा, झाड येतंय!"