पत्र्याखालचा प्रोसेसर

जळगावातल्या रमणशेठ कोठावद्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात ऐन मे महिन्यात छापखान्याचे मालक विश्वासराव आले. रमणशेठांनी एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर समोर ठेवले.

"ओव्हरक्लॉक करायचाय, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचाय," विश्वासराव म्हणाले. "यातला कुठला पळतो ते माझ्यासमोर दाखवा. आणि आटपा जरा. परत जाऊन छापखान्यातल्या त्या मंदाला कामावरून काढायचंय. दोघी मुली टायपिंगच्या एकाच क्लासात शिकलेल्या, पण खालची झपाझप टाइप करते आणि ही माळ्यावर पेंगते."

रमणशेठ दुरुस्तीला त्या माळ्यावर जाऊन आले होते. खाली एसी आणि वर नुसता तापलेला पत्रा. त्यांनी एका प्रोसेसरवर मोठा कूलर बसवला, दुसऱ्यावर टीचभर पंखा, आणि दोघांचा वेग सारखाच वाढवला. थोड्या वेळात दुसरं मशीन तापून बंद पडलं.

"हा टाकाऊ निघाला, रावसाहेब. फेकून देऊ?"

विश्वासराव उखडले. "डोकं ठिकाणावर आहे का, कोठावदे? एकाला गारवा दिलात, दुसऱ्याला भाजलंत. त्यात त्याचा काय दोष? आधी दोघांना सारखं थंड ठेवा, मग निवाडा करा."

"अगदी बरोबर," चहाचा कप पुढे सरकवत रमणशेठ म्हणाले. "मग मंदाला खाली एसीत कधी बसवताय?"

विश्वासरावांनी चहा संपवला. दुसऱ्या दिवशी मंदाचं टेबल खाली आलं. आणि रमणशेठांचे दोन्ही प्रोसेसर विश्वासरावांकडेच खपले, दोन मोठ्या कूलरसकट.