ओघळीकडे तोंड करून बसलेला कुत्रा

एका उघड्या माळावर एका धनगरणीचं बिऱ्हाड उतरलं होतं. दिवस उजाडला की तिचा नवरा मेंढ्या घेऊन चारायला जायचा. दूधपिती कोकरं मागे राहायची. त्यांना जाळीच्या कुंपणात कोंडून सांभाळणं हे धनगरणीचं काम. सोबतीला दोन कुत्रे होते. तरणा तो तांबू आणि शेपूट तुटलेला म्हातारा तो भुंडा.

कोकरांत एक आईवेगळं होतं. धनगरणीनं ते शेळीच्या दुधावर, पदराखाली घेऊन जगवलं होतं. पोटच्या पोरासारखा तिचा त्याच्यावर जीव होता.

ऊन तापलं की समोरच्या टेकाडावर रोज एक लांडगा यायचा. यायचा तो चोरासारखा नव्हे, पाहुण्यासारखा! पुढचे पाय पसरून असा काही उड्या मारायचा, की वाटावं खेळायलाच आलाय. तांबू भुंकत त्याच्यामागे सुटायचा. लांडगा पुढे, तांबू मागे आणि माळभर धुरळा. मग तांबू धापा टाकत परत आला, की धनगरीण त्याला भाकरीचा चतकोर घालायची.

"शाब्बास रं माझ्या वाघा!"

भुंडा मात्र जागचा हलायचा नाही. टेकाडाकडे पाठ करून कुंपणामागच्या, झुडपांनी भरलेल्या ओघळीकडे तोंड करून बसलेला असायचा. धनगरणीला त्याचा भारी राग यायचा.

"खायला काळ नि भुईला भार!" ती नवऱ्याला म्हणाली. "लांडगा समोर नाचतुया, आन् ह्यो ढिम्म हलत न्हाई."

"आगं, जुना कुत्रा हाय. कुठं बसायचं ते त्येला कळतंय."

"कळतंय तर! सावली कुठं पडती तेवढं बरूबर कळतंय."

दुसऱ्या दिवशी लांडगा आला, तांबू धावला आणि भुंडा बसून राहिला. धनगरणीनं ढेकूळ उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं.

"ऊठ! छू!"

भुंडा उठला. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ओघळीकडे पाहिलं. पण धनिणीचा हुकूम तो हुकूम. तोही टेकाडाकडे धावला. आता लांडग्याची कशी खोड मोडते ते बघायला धनगरीण एका धोंड्यावर चढली आणि टाळ्या पिटू लागली.

तेवढ्यात मागून कोकरांचा एकच कालवा उठला. ती वळली. ओघळीतून आलेल्या लांडगीनं कुंपणावरून उडी घेतली होती आणि तिच्या जबड्यात ते आईवेगळं कोकरू होतं. धनगरीण काठी फेकत, काट्याकुट्यांतून अनवाणी धावली. पण लांडगी कधीच झुडपांत दिसेनाशी झाली.

नवरा आला तेव्हा ती ऊर फुटेस्तोवर रडत होती.

"दोन्ही कुत्री पळाली वो..." म्हणाली आणि मध्येच थांबली. "न्हाई. तांबू पळाला. भुंड्याला म्या हाकललं. माझ्याच हातानं घालवलं म्या त्येला."

 नवरा तिच्याशेजारी येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर लांडगा पुन्हा टेकाडावर हजर! तांबू भुंकू लागला. धनगरणीनं त्याला खुंट्याला बांधलं आणि काठी घेऊन ती भुंड्याजवळ, ओघळीकडे तोंड करून बसली. पाठीमागे काय चाललंय ते बघायची तिला फार ओढ लागली, पण तिनं मान वळवली नाही.

थोड्या वेळानं ओघळीतलं एक झुडूप हललं. भुंडा गुरगुरत उभा राहिला. तिनंही काठी उगारली. झुडपातून वर आलेले दोन कान खाली गेले आणि लांडगी आल्या पावली परत फिरली.

मग धनगरणीनं टेकाडाकडे पाहिलं. तिथंही कुणी नव्हतं.

तात्पर्य: धावणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात, जागा न सोडणाऱ्याची किंमत मात्र ती जागा रिकामी पडल्यावर कळते.